करड्याचे दोन हात

लर्विकच्या दुकानात इंगाने विचारलं,
"जुना रंग तेलाचा की पाण्याचा?"
चाळीस वर्षं त्या घरात राहून
मला सांगता येईना.

घरी आलो. वारा नेहमीसारखा, आडवा.
दाराआडच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा चोळला.
बोळा पांढराच राहिला.
"तेलाचा," ओस्ला खुर्चीतून म्हणाली,
"मीच दिलाय तो. मला विचारायचंस की."

खरं तर दर वेळी तिनेच दिला.
मी बोटीवर असायचो. परतलो की
घराला टर्पेंटाइनचा वास,
तिच्या मनगटावर एखादा सुकलेला ठिपका.
आता तिच्या डोळ्यांत मधोमध धूर बसलाय.
कडांनी थोडं दिसतं, ते चौकटीला पुरत नाही.
म्हणून ब्रश माझ्याकडे.

आधी गाठी.
नॉर्वेहून आलेलं पाइन,
शंभर वर्षं झाली तरी राळ गाळतं.
प्रत्येक गाठीवर चपड्या लाखेचा पुसट हात.
"नाहीतर कितीही दडव,
पिवळी होऊन वर येतेच," ती म्हणाली
आणि गप्प झाली.
मी चहा टाकला.

मग काचपेपर. तीन तास घासलं,
रेडिएटरमागची वीतभर पट्टी सोडून.
ती भिंत धरून बोट फिरवत निघाली
आणि नेमकी तिथेच थांबली.
"ही अजून गुळगुळीत आहे.
अस्तर धरणार कशाला?"
घासली. काय करणार.

अंडरकोट पांढरा घ्यावा, हे माझं मत.
उरला तर खिडकीलाही चालेल.
"निळ्याखाली पांढरा?
प्रत्येक ओरखड्यातून दात काढेल.
करडा आण. फेब्रुवारीतल्या समुद्राएवढा करडा."
त्यावरून आमचं जेवणापर्यंत वाजलं.
करडा आणला.

अस्तराचा एक हात. करड्याचे दोन.
डब्याच्या झाकणावर ती पूर्वी पेन्सिलीने लिहायची:
जिना, मार्च, पाव डबा शिल्लक.
मी खिळ्याने कोरलं, मोठ्या अक्षरांत,
बोटाला लागेल इतकं खोल.
एक अक्षर चुकलंय, तिने लगेच सांगितलं.

"चौकटीला हात लावू नकोस, ओली आहे."
"वासावरून कळतंय मला."

रात्री भांडी विसळताना
तिच्या कपाच्या कानावर एक करडा ठसा.
कप तसाच पालथा घातला.
चौकटीला मात्र सकाळी
तिसरा हात द्यावा लागला.