वार

एप्रिलमध्ये सरकारनं आठवडा वाटून टाकला.
सोम, बुध, शुक्र बायकांचे.
मंगळ, गुरू, शनी पुरुषांचे.
रविवारी कुणीच उंबरा ओलांडायचा नाही.

सान मिगेलितोत, डोंगराच्या उतारावर,
माझ्या दारापासून खालच्या रस्त्यापर्यंत
एकशे बारा पायऱ्या.
सोमवारी उतरले,
पिशवी घेऊन, केस वर बांधून,
मास्क मात्र अगदी मनापासून लावून.
हनुवटी झाकायची सक्ती
आयुष्यात पहिल्यांदाच
माझ्या बाजूची होती.

दुकानाच्या दारात पोलिसानं ओळखपत्र मागितलं.
आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा त्याच्याकडे,
आम्हा दोघांत खोटं कोण
हे जणू त्यालाच ठरवायचं होतं.
'आज कशाला आलास?'

नऊ वर्षांत या वस्तीत
मला कुणी 'आलास' म्हटलं नव्हतं.
मागच्या बाईनं ट्रॉली आणखी मागे ओढली.
सहा फूट तर आधीच होते.

मंगळवारी पुन्हा उतरले.
पुरुषांच्या रांगेत कुणीतरी शीळ घातली.
आजचा पोलिस वेगळा, कोवळा, जरा अदबीचा.
'बाई, तुमचा वार काल झाला.'
'तुमचा' म्हणाला म्हणून क्षणभर बरं वाटलं,
तेवढ्यात त्यानं पावती फाडली.
पन्नास डॉलर.

सोमवारचा वार
मंगळवारी जास्त दुखतो.

कोलोनहून नेरेइदाचा फोन आला.
तिनंच मला हातात कात्री धरायला शिकवलं होतं.
तिला तीन तास पुरुषांच्या कोठडीत बसवलं होतं.
का, ते सांगितलं.
पुढचं नाही सांगितलं.
बराच वेळ फोनमधून
फक्त नळाचा आवाज येत राहिला.

माझ्या पार्लरात दोन खुर्च्या, एक आरसा,
आणि आरशावर धूळ.
गुरुवारी पहाटे खालून हाक आली.
ओविदिओ. बसचा ड्रायव्हर, आता बस बंद.
इतक्या वर्षांत कधी मान वर करून बघितलं नव्हतं त्यानं.
'यादी टाक खाली. आज माझा वार आहे.'

मसूर. हिरवी केळी. तांदूळ. कपड्यांचा साबण.
शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात, रेझर.
लिहून झाल्यावर तेवढाच कोपरा फाडावासा वाटला.

सगळं सामान त्यानं वरच्या पायरीवर ठेवलं.
रेझर वेगळं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
बायकांच्या वस्तू
दुकानदार जशा गुंडाळून देतात
तसं.
काही बोलला नाही. खोकला एकदा
आणि खोकल्याबद्दल माफी मागत खाली गेला.

गोळ्या मात्र मिळाल्या नाहीत.
त्या कुठल्याच वाराला मिळत नव्हत्या.
मे महिन्यात अंग हळूहळू
जुन्या पत्त्याकडे परतू लागलं.
मी खिडकीला पडदा लावला.
मग उकडलं म्हणून काढला.

रविवार.
डोंगरभर एकही पाऊल नाही.
सगळ्या शहराला बंदी,
तेव्हा मी कुणापेक्षा वेगळी नव्हते.
ओविदिओ माझ्या खिडकीपाशी येऊन
गजांकडे पाठ करून पायरीवर बसला,
केस कानांवरून खाली आलेले,
खांद्यावर घरचा टॉवेल.
'मागून बारीक कर.'
'हलू नकोस.'

कितीतरी दिवसांनी कात्री बोलायला लागली.
पिकलेले केस वाऱ्यानं
एकेक पायरी खाली जात होते.
'किती द्यायचे?'
'मंगळवारी बघू.'
तो हसला, तसा त्याचा मणका हलला.

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून
पोलिसांची गाडी हळूहळू आली,
दिवा फिरत होता, भोंगा बंद.
त्यानं श्वास रोखला.
मी कात्री त्याच्या डाव्या कानापाशी थांबवली.
पाय घरात होते माझे.
हात, दोन्ही,
गजांच्या बाहेर.