पाचवी खेप

चार खेपा झाल्या.
बोडीत बुडालेल्या पळसाच्या खुंटापासून पारापर्यंत, आणि परत.
बावन्न मीटर. टेंभरे सरांनी सुतळीनं मोजलेले.
वरचे दोन मीटर बोडीकडून भेट, म्हणतात.
विभागीयला नागपुरात निळ्या फरशीचा हौद असतो म्हणे,
तळ दिसतो.
आमच्या तळाला फक्त पाय लागतो.

चौथ्या खेपेत दामिनीताई पोहत नव्हती,
पाणी मागे भिरकावत होती,
भांडणात घरातली भांडी भिरकावतात तशी.
खुंट धरून लोंबकळली.
ओठ जांभळे, नाक वाहतं,
शिंगाड्याचा वेल मानेत.

मी डोंग्यातून वाकलो,
दोन बोटं तिच्या गळ्याशी ठेवली.
माझं काम एवढंच, मोजायचं.
दहा सेकंदांत एकतीस.
टोपल्याखाली कोंडलेला कोंबडा
आतून धडका देत होता.

मांड्यांत आग, म्हणाली.
गळ्याइतक्या पाण्यात उभ्या मांड्यांत आग.
मग ओकली. चहा, दोन बिस्किटं.
बारीक मासोळ्या लगेच पंगतीला.

"थांबू नोको!" पारावरून सर ओरडले.
"आखीन एक खेप. हरूहरू. फिरायले गेल्यावानी."
ताईनं शिवी दिली,
पण तोंड पाण्यात होतं, नुसते बुडबुडे आले.

रक्तात आंबट काहीतरी साचतं, सर सांगतात.
आपण बसलो की तेही ऐसपैस बसतं.
त्याला चालवत चालवत न्यावं लागतं,
पाहुण्याला फाट्यापर्यंत सोडतात तसं,
गप्पा मारत,
घाई आहे असं वाटू न देता.

पलीकडे बा जाळं काढत होता.
त्यानं हे ऐकलं नाही,
ऐकलं असतं तरी मास्तरचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं.
त्याच्या हातात वीतभर रोहू,
साकोलीच्या बाजाराला अजून वर्षभर लहान.
जाळ्यात झुंजून झुंजून लोळागोळा झालेला.
बानं तो फेकला नाही.
पोटाखाली तळहात दिला
आणि गुडघाभर पाण्यात त्याला घेऊन चालू लागला,
हळू,
तोंड पुढे करून.
कल्ला उघडला. मिटला.
बराच वेळ काही नाही.
पुन्हा उघडला.
मी मोजायचं विसरलो.
मग मनगटावर शेपटीची एक चापट
आणि बाचा हात रिकामा.

तोवर ताई निम्म्यात आली होती.
एक हात, मग बऱ्याच वेळानं दुसरा.
चेहरा आभाळाकडे, डोळे मिटलेले,
जणू तिलाही खालून कुणी धरून चालवत होतं.
पारापाशी एकवीस.
सरांनी वहीत लिहिलं आणि शेंगदाणे दिले.

दुपारी तिनं दोन ताटं भात खाल्ला, झिंग्यांच्या रश्शात,
वरून मीठ घेत राहिली.
रात्री झोपेत पाय मारत होती.
अकरा. मग दहा.

बा उशिरा आला. खांदे भिंतीला टेकवून बसला,
हात मांडीवर उताणे, बोटांना जाळ्याचे वळ.
मी जवळ सरकलो,
दोन बोटं त्याच्या गळ्याशी ठेवली.
"काय करून रायला बे?"
काही नाही, म्हटलं.
त्यानं मान थोडी माझ्याकडे वळवली
आणि मोजू दिलं.