मागे कोण आहे

तळ्याकाठची ही एकच गल्ली.
घरं साठ, माणसं त्याच्या दुप्पटही नाहीत,
आणि दिवसाकाठी हजारभर हात
आपल्याच तोंडापुढे लांब केलेले.

वाल्बुर्गाने पाटी लावली : इथे माणसं राहतात.
मग पाटीसोबतही फोटो निघू लागले.

सेप चिडत नसे.
सकाळी आठला बनियनवरच गॅलरीत,
झारीने जिरेनियमना पाणी.
खाली कोरियाची नवरी, ब्राझीलची पोरं,
ओठांचा चंबू, मान तिरकी,
चर्चचा कळस खांद्यावर नीट बसेपर्यंत
पुन्हा. पुन्हा.

"मेल्यांना तळं दिसतच नाही," ती म्हणायची,
"सगळे तळ्याकडे पाठ करून उभे."
"मला दिसतंय ना," तो म्हणायचा. "पुरे."

मार्चमध्ये सेप गेला.
कपाटात सापडला त्याचा शेवटचा फोटो :
वीस वर्षांपूर्वीचा, लायसनसाठी काढलेला,
दोन्ही कान दिसतील असा.

आता ती खिडकी लावून घेत नाही.
खाली कुणाचा हात लांब झाला की
वाटतं, जिना उतरावा, विचारावं,
मागच्या उन्हाळ्यात आला होतात का कुणी?
तुमच्या कानामागे, जरा वर,
दोन बोटांनी मोठं करून बघा,
एक झारी असेल.
झारीमागे हात असेल.

काल एका पोरीने खालून खूण केली,
आजी, जरा बाजूला होता का?
वाल्बुर्गा हलली नाही.
कुंड्या केव्हाच वाळल्या होत्या.
तिने झारी उचलली
आणि फोटो निघेपर्यंत
पाणी घालत राहिली.