दीड इंच

सावंतवाडीच्या दुकानात पलंग होते,
डोक्याकडे मखमलीची भिंत, भिंतीला बटणं,
खाली पेटी. पेटीत म्हणे अख्खं घर मावतं.
कुमुद एकावर बसली. पाय लोंबले,
बाकावर पहिलीतल्या पोरीचे लोंबावेत तसे.
"आजकाल उंचच चालतात, वहिनी," दुकानदार म्हणाला.
ती पायाने चपला चाचपत खाली उतरली.

लोखंडी घ्यावा, तर शिरोड्याचा वारा खारा,
दोन पावसाळ्यांत लोखंडाचे पापुद्रे सुटतात.
पेटीचा घ्यावा, तर श्रावणात आत बुरशी,
उशांना कुबट वास.
म्हणून भालू मेस्त्रीला बोलावलं.

जन्मभर आम्ही चटईवर झोपलो.
भरतीच्या रात्री जमीन कानाखाली घुमायची.
ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, खाली बसणं बंद.
खालून उठणं तर तिचं आधीच बंद झालं होतं.

मेस्त्रीने टेप काढली नाही.
"वैनी, हयसर बसा," म्हणाला, स्टुलावर,
आणि गुडघ्यामागच्या खळीपासून टाचेपर्यंत
सुंभ धरून गाठ मारली.
माझ्या पायाची दुसरी गाठ.
दोन गाठींत चार बोटांचं अंतर.
एकेचाळीस वर्षांत ते कोणी मोजलं नव्हतं.

"कोणाच्या मापान करू?"
"तिच्या," मी म्हणालो.
"ह्यांच्या," ती म्हणाली, "मी पाटावर चढेन."
मेस्त्रीने विडी विझवली.
"पाटार चडान देवाक जातत. निजाक नाय."

फणसाचं लाकूड आणलं, हळद लावल्यासारखं पिवळं.
डोक्याकडे सलग फळी नको, उभ्या पट्ट्या,
त्याही खिडकीच्या चौकटीखाली दोन बोटं,
म्हणजे मिठागरावरून येणारा वारा अडणार नाही.
मागे जरासा कल,
टेकून पेज पिता यावी इतका.
"गादी दबता," तो म्हणाला, "ता माप कोण धरीत नाय.
माणूस बसलो काय दोन इंच जातत."
त्याने उंचीत दोन इंच जास्त धरले.

पलंग आला. गादी पडली. कुमुद बसली.
अंगठे टेकले, टाचा नाही.
मेस्त्रीने वाकून सुंभ लावला, पुन्हा लावला.
पाय बरोबर होते, चौकट बरोबर होती.
गादीच दबली नव्हती.
अर्धा इंच, फार तर.

सव्वीस वर्षं मी मिठागरावर काटा सांभाळला.
गोणी घेऊन येणाऱ्या गड्याची चाल बघून
वजन सांगायचो.
मीठ ओलं की सुकं, ते न तोलता सांगायचो.
बाई किती वाळली
ते मला एका गादीने सांगितलं.

मेस्त्री हत्यारं भरत राहिला.
"बसतला हळूहळू," एवढं म्हणाला,
आणि चहा न घेता गेला.

ती भाच्याबरोबर रक्त तपासायला वेंगुर्ल्याला गेली
त्या दुपारी मी शेजारच्या फोंडूची करवत आणली.
पलंग आडवा पाडला.
चार पाय, दीड दीड इंच.
तिसऱ्याला हात हलला, काप तिरका गेला.
त्याखाली आता कॅलेंडरचा पुठ्ठा आहे.

रात्री ती बसली. टाचा टेकल्या.
बोलली काही नाही.
पायाची बोटं फरशीवर एकदा फिरवली,
सुपातल्या तांदळात हाताची फिरतात तशी.

मला मात्र पहाटे उठताना
डोक्याकडची पट्टी धरावी लागते.
तिथलं पॉलिश उडालंय, लाकूड काळं पडतंय.
मेस्त्री विचारतो, परत हात मारू काय?
मी नको म्हणतो.

चार चकत्या टाकल्या नाहीत.
माळ्यावर डालड्याच्या डब्यात आहेत,
प्रत्येकीवर पेन्सिलीने, कुठल्या पायाची ते.
सोबत सरसाची बाटली.
रोज रात्री ती बसताना
मी गादीच्या कडेकडे बघतो.

परवा तिने भाताचा दुसरा डाव मागून घेतला.