पाचपैकी दोन

पाचवीच्या वर्गात टॅब सहा, मुलं एकोणीस.
एका टॅबची काच डाव्या कोपऱ्यात तडकलेली.
तो कुणाच्या वाट्याला जायचा,
हा आमच्या शाळेतला दिवसाचा पहिला भागाकार.
तिघांत एक देऊन झाला
की बाकी एक उरते.

उरलेली ती शिवलीला कोरे.
आई मणेराजुरीच्या रस्त्याला बेदाण्याच्या शेडवर,
जतकडून आलेली माणसं, फेब्रुवारी ते एप्रिल.
हजेरीत तिचं नाव मी पेन्सिलीनं लिहिलंय,
टॅबमध्ये तर तिचं नावच नाही.
ती कुणाच्याही खांद्यावरून वाकून शिकते.

त्या दिवशी पडद्यावर आलं :
एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश.
अरमान मुलाणीच्या कानाशी ती म्हणाली,
"दोन पंचमांश दाब."
लाल फुली. मग एक हत्ती आला, पडक्या तोंडाचा.
"पुन्हा प्रयत्न कर!"

माझं काम खरं तर सोपं होतं.
छेद समान करा, सहा. पाच षष्ठांश.
बावीस वर्षांची पायवाट, डोळे मिटून जाईन.
खडू फळ्याला टेकवलाही होता,
तेवढ्यात पोरगी हत्तीशी भांडायला लागली.
"का चूक? सांग की, का चूक?"

हत्ती कान हलवतो.
कारण सांगायची सोय त्याच्यात नाही.
आणि माझ्यात होती का?
मी खडू ठेवला. म्हटलं, "तुझं कसं बरोबर, ते दाखव."

तिनं फ्रॉकच्या खिशातनं बेदाणे काढले,
फरशीवर मांडले.
इकडं दोन, त्यातला एक काळा पडलेला.
तिकडं तीन, त्यातला एक काळा.
"हितं अर्धे काळे. तितं तिसरा हिस्सा काळे.
आता एका क्रेटात वता.
मोजा बाई."

मी मोजले.
पाचपैकी दोन.

वर्गात पंखासुद्धा नव्हता आवाज करायला, वीज गेलेली.
एकोणीस डोकी पाच बेदाण्यांवर वाकलेली,
आणि मी, डी.एड., दोन प्रशिक्षणं, एक प्रमाणपत्र चौकटीतलं,
मलाही क्षणभर वाटलं
की हत्तीच चुकला असेल.

मग मागून तेजल होनमाने, जी कधी बोलत नाही,
"पण बाई, माझ्याकडं एकच भाकरी असली तर?
अर्धी मी सकाळी खाल्ली.
दुपारी त्याच भाकरीचा तिसरा हिस्सा खाल्ला.
मग पाचातले दोनच भाग कसे?
ते तर अर्ध्याहून कमी.
दुपारचं खाऊन माझं सकाळचं परत आलं व्हय?"

हसू फुटलं. शिवलीला हसली नाही.
बेदाण्यांकडं बघत राहिली,
आई माल निवडताना बघत असेल, तशी.
"हिची भाकरी एक," ती सावकाश म्हणाली,
"माझे ढीग दोन.
ढीग सारखे बी नाहीत."

त्यापुढं मला काही बोलायचं नव्हतं.
बोलले तरी. बाईंना सवय असते.
पण कुणी ऐकत नव्हतं,
अरमान भाकरीचं चित्र काढत होता, सहा भागांचं,
कुणी सांगितलं नसताना.

खिचडीची घंटा झाली.
संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा मेसेज :
"आपल्या वर्गाची आजची प्रगती :
सोडवलेली उदाहरणं एक, बरोबर शून्य. खुलासा करावा."
मी तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.
बेदाण्यांचा खुलासा कुठल्या रकान्यात भरतात?

जाताना शिवलीला दारात थांबली होती.
"हत्तीला म्हणावं,
आधी विचारत जा, भाकरी एकच हाय का."

टेबलावर पाच ठेवले होते, पुरावा म्हणून.
कुलूप लावताना पाहिलं तर चार.
कुणीतरी एक खाल्ला होता, अर्थात चांगलाच निवडून.
काळे दोन तसेच.
चारपैकी दोन.
म्हणजे पुन्हा अर्धे,
आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून.