समोरचं डावं चाक

गाडी ओरडते, असं पहिल्यांदा कुमुद म्हणाली,
केसरबागच्या पुलावरून उतरताना.
मी काच खाली केली. रेडिओ बंद केला.
एसीसुद्धा, भर मे महिन्यात.
पुलाखालून रूळ, रिक्षा, उसाचा चरक,
सगळ्यांचा आवाज आला. गाडीचा नाही.
"काही नाही गं," मी म्हणालो,
जसं मी बहुतेक गोष्टींना म्हणतो.

मग मुळ्यांचा नातू म्हणाला, आजोबा, तुमची गाडी शिट्टी मारते.
मग दूधवाला.
मग लोकमान्य नगरच्या कोपऱ्यावरचा पिवळा कुत्रा,
जो लग्नाच्या बँडलाही उठत नाही,
मी वळलो की कान टवकारू लागला.
इतके साक्षीदार झाल्यावर
गुरुवारी गाडी शकूर मिस्त्रींकडे नेली.

शकूर मिस्त्री आधी पाना उचलत नाहीत.
आधी विचारतात.
"भिया, आवाज चलते में आ री, के दबाने पे?"
मी कुमुदकडे पाहिलं.
चालताना, ती म्हणाली. ब्रेक दाबला की थांबतो.
"सवेरे-सवेरे, के दिनभर?"
दिवसभर.
"मोड़ने पे बदलती?"
नाही. ती अजिबात अडखळत नव्हती.
वळताना बदलला असता तर बेअरिंग,
सकाळचे दोन ब्रेक ओरडून गप्प झाला असता
तर डिस्कवरचा रात्रीचा गंज,
नुसतं खरखरलं असतं
तर पत्र्यामागे अडकलेला एखादा खडा.
तेहतीस वर्षं वीज मंडळात
मी लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या,
इतकं नेमकं कधी कुणाला विचारलं नाही.

मिस्त्री स्वतः गाडीत बसले.
पहिला गियर, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
एका बाजूने गोलू, पंधरा-सोळा वर्षांचा, कान चाकाकडे झुकवून,
दुसऱ्या बाजूने कुमुद, पदर खोचून,
जणू पोर नुकतं पाऊल टाकायला लागलंय
आणि दोघं त्याला सांभाळत चाललेत.
पानाच्या टपरीपाशी दोघांनी एकदम हात वर केला.
मला ते हात दिसले.

चाक निघालं. पॅड निघाला,
चहात विरघळत आलेल्या बिस्किटाएवढा.
त्याच्या कडेला पोलादाची एक बारीक पत्ती.
"ये देखो. कंपनी ने रोने के लिए ही लगाई."
पॅड झिजत आला की ही डिस्कला टेकते.
म्हणजे बिघडलं काही नव्हतं अजून.
बिघडणार आहे, एवढंच ती सांगत होती.
"कब से आ री थी?"
संक्रांतीपासून, कुमुद म्हणाली.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.
हात फडक्याला पुसले, मग पुन्हा पुसले.
"बारीक वाली मेरी भी गई, भिया," ते हळूच म्हणाले,
निदान त्यांना तरी ते हळू वाटलं असावं, टपरीवाला वळला,
"घन मारते-मारते.
इसीलिए तो गोलू को रखा."

चौदाशे पन्नास झाले.
जुने पॅड त्यांनी नईदुनियाच्या कागदात बांधून दिले,
पैसे घेतले त्याचा पुरावा म्हणून.
पुलावर मी मुद्दाम हळू केली.
फरक पडला?
"बाई गं, किती शांत," ती म्हणाली, आणि डोळे मिटून मागे टेकली.
मला मघाइतकंच शांत होतं.
माझ्याकडे होतीच ती शांतता
मी रोख पैसे मोजून घेतली होती, तिच्यासाठी.

"संक्रांतीपासून? मग सांगायचंस."
"सांगितलं की."
एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी डॅशबोर्डात आहे,
त्या पॅडच्या पुडीखाली. जाईन.
तूर्त उतार आला की ब्रेक दाबतो,
आरशात मागचं पाहतो,
मग शेजारी.
तिची भुवई जागच्या जागी असली
की गाडी ठीक.