एक हात खिशात

बंडगर सर म्हणायचे, झाकण काढलंस
की डावा हात खिशात.
सातशे व्होल्ट ओळख ठेवत नाहीत.

ट्रान्सफॉर्मर कुपवाडचा.
एरवी विहिरीवरच्या मोटारी भरणाऱ्या मुलाणींनी
मोजून मोजून भरला. मधेच चहा आला, तेव्हा
वेढ्यांचा आकडा खडूनं भिंतीवर.
व्हॉल्व्ह दोन, जुन्या बाजारातले,
एकाचं नाव पुसलेलं.

स्विच टाकला. फिलॅमेंट तांबूस, मग केशरी,
मग प्लेटही लाल होत गेली.
ती लाल व्हायची नसते.
मोर्सची कळ मोकळी, एरियल सोडवलेली,
तरी हा गडी आपल्याच तंद्रीत
भलत्याच पट्टीत गातोय.

अकरा रात्री गेल्या.
सोल्डर पुन्हा, अर्थिंग पुन्हा,
बायको म्हणाली, त्या डब्याशीच जेवा आता.

खाली मिरजेच्या गल्लीत
तंबोऱ्याची जवारी लावत होते कुणी.
घोडीवर तारेखाली दोरा सरकवला
आणि तार बोलायला लागली.
मी प्लेटच्या टोकाशी
सत्तेचाळीस ओहमवर तांब्याचे सहा वेढे घातले
आणि इथली गप्प झाली.

पहाटे मोठ्या हौसेनं हाक टाकली.
बँडवर कुणीच नव्हतं.
नुसती खरखर,
तीही छान ऐकू येत होती.

बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेलाच असतो,
स्क्रूड्रायव्हर टेकवला की फटकन ठिणगी.
हेही सरांचंच.

परवा कृष्णाघाटावर
सगळे हात जोडून उभे होते.
माझा डावा खिशात.
कुणीतरी कोपरानं ढोसलं,
तरी काढला नाही.